घरातलं दुसरं यंत्र

वीज जाऊन आली तेव्हापासून आजींच्या कॉम्प्युटरने एकच रड लावली होती: "तुमचा नेटवर्कचा पत्ता दुसरं यंत्र वापरत आहे." कॉम्प्युटरवाल्याने चारदा सेटिंग बदललं आणि विचारलं, "आजी, घरात अजून काय चालू आहे?"

"अरे, मी एकटी राहते!" म्हणताना आजींच्या तोंडचं पाणी पळालं.

लेक रोज सकाळी याच पडद्यावर दिसायचा आणि आजी तोऱ्यात सांगायच्या, "ठणठणीत आहे मी!" गेल्या महिन्यात त्या स्वयंपाकघरात दोनदा पडल्या, तासतासभर उठता आलं नाही. पण लेक उचलून आपल्या घरी नेईल, या धास्तीने त्यांनी चकार शब्द काढला नव्हता.

माग काढत कॉम्प्युटरवाला स्वयंपाकघरातल्या घड्याळापाशी थांबला. ते लेकानेच सहा महिन्यांपूर्वी, मागच्या खेपेला लावलं होतं.

"हा बघा चोर! आत कॅमेरा आहे. असे मी दहा घरांत बसवलेत. मुलगा जपतो हं तुम्हाला. माणूस पडलं की लगेच त्याच्या मोबाईलवर घंटी वाजते."

आजींनी पडल्याचे ते दोन दिवस बोटांवर मोजले.


दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी लेक हसून म्हणाला होता, "वा आई, अशीच ठणठणीत राहा!"