सहावा प्रश्न

सत्य बाहेर काढायला उलटतपासणीसारखं दुसरं साधन माणसाने अजून शोधलेलं नाही. सोलापूरच्या दिवाणी कोर्टात त्या दिवशी ते साधन वीरभद्रप्पा वकिलांच्या हाती होतं. मागच्या तारखेला त्यांनी नर्स दाक्षायणीबाईंच्या माहेराची दिवसभर चौकशी केली होती. म्हणून आज न्यायाधीशांनी बजावलं, "फक्त पाच प्रश्न."

वकिलांचा अशील दुधनीचा निंगप्पा शिंपी. मोतीबिंदू डाव्या डोळ्यात, डॉक्टरांनी कापला उजवा. आता त्याला सुई दिसत नव्हती. डॉक्टर म्हणत होते, ज्या डोळ्याचं ऑपरेशन, त्याच्या भुवईवर नर्स जांभळ्या औषधाची खूण करते, ती उजव्याच भुवईवर होती. दाक्षायणीबाई डॉक्टरांच्याच साक्षीदार. पण डॉक्टरांच्या वकिलाने तेवढं सोडून बाकी सगळं विचारलं होतं.

"मॅट्रिकला गणितात किती मार्क?" वीरभद्रप्पांनी सुरुवात केली.

"पस्तीस. पण साहेब, खूण मी..."

"विचारलं तेवढंच सांगा!"

दुसरा प्रश्न नोकरीच्या सालाचा. तिसरा, ऑपरेशनच्या खोलीत घड्याळ होतं का.

"होतं. त्याच्याखालीच मी पेशंटच्या डाव्या..."

"हो की नाही?"

"हो."

निंगप्पाने मागून वकिलांचा झगा ओढला. "साहेब, ते जांभळं इचारा की. कुटं लावलं हुतं ते."

"थांब रे. तिथंच येतोय."

चौथा प्रश्न घड्याळाला चावी कोण देतं यावर गेला. पाचवा, रोज देतं का यावर.

"झाले पाच," न्यायाधीश म्हणाले.

"मुद्द्यावर आत्ताच येत होतो, साहेब!"

"पाच म्हणजे पाच."

निंगप्पा उभा राहिला. "साहेब, डोळा माजा हाय. मी येक इचारू?"

"वकील असताना तुम्हाला नाही विचारता येत. बसा." न्यायाधीशांचा आवाज मऊ होता. निंगप्पा बाक चाचपत बसला.

कारकून रावजींनी बाईंना त्यांची जबानी भराभर वाचून दाखवली आणि मान वर न करता रोजच्यासारखं म्हणाले, "बरोबर आहे?"

"नाही," दाक्षायणीबाई म्हणाल्या. "खूण मी डाव्या भुवईवर केली होती."

"बाई, तुम्हाला हे कुणी विचारलं?" डॉक्टरांचे वकील उठले.

"ह्यांनी विचारलं की आत्ता." बाईंनी रावजींकडे बोट दाखवलं.

न्यायाधीशांनी जबानीचा कागद पुढे ओढला. वेळ वाचावा म्हणून रावजींनी खाली शिक्का सकाळीच मारून ठेवला होता: 'वाचून दाखवली, बरोबर आहे.'