टर्कीची हाक

वेस्ट व्हर्जिनियातल्या आमच्या खोऱ्यात हॉबर्ट आणि त्याचा थोरला भाऊ व्हर्लन शिकाऱ्यांसाठी लाकडी पेट्या बनवतात. झाकण पेटीच्या कडेवर घासलं की टर्की या रानपक्ष्याच्या मादीचा आवाज निघतो आणि नर भुलून जवळ येतो. वडील गेल्यावर त्यांची कला कुणाच्या हातात उतरली, यावरून दोघांची चर्चच्या दारातच जुंपली.

"तुझी पेटी गंजलेल्या बिजागरीसारखी करकरते!" हॉबर्ट सगळ्यांदेखत ओरडला.

"आणि तुझी ऐकून नर पळून जातात!" व्हर्लननं सुनावलं. तेव्हापासून बोलणं बंद.

यंदा शिकारीच्या पहिल्याच दिवशी हॉबर्टनं जंगलात पेटी वाजवली, तर टेकडीपलीकडून एक मादी उत्तर देऊ लागली. बराच वेळ सवालजवाब चालले. तिच्या मागे नर असणारच, म्हणून तो रांगत जवळ गेला. ओकच्या झाडामागे पेटी घेऊन व्हर्लन बसला होता.

"गाढवा, तू?" व्हर्लन संतापानं लालबुंद झाला. "सकाळपासून खरी मादी समजून तुझ्याशी बोलत बसलो मी!"

 

"मग मी काय करत होतो?" हॉबर्ट त्याच्याहून मोठ्यानं ओरडला.