औक्षण

हौसाबाईंनी नव्या कायदामंत्र्यांच्या कपाळाला कुंकू लावलं, निरांजन ओवाळलं आणि ताट खाली घेताना त्या हळूच म्हणाल्या, "सायेब, कोर्टात तुमी इचारलं हुतं, ह्याला वळखता का म्हणून. वळखते. ह्योच त्यो."

त्यांची नजर मंत्र्यांच्या खांद्यामागे होती. तिथे भैरू हार सांभाळत उभा होता. साहेब सरकारी वकील असताना हौसाबाईंच्या थोरल्याच्या खुनात तोच आरोपी होता. ऐन वेळी आईनंच साक्ष फिरवली आणि तो सुटला. या निवडणुकीत गावोगावची मतं त्यानंच साहेबांच्या पदरात टाकली होती.

"मावशी, तेव्हा का नाही बोललात?"

"तवा धाकट्याच्या जिवाचं भ्या हुतं. आन् तुमी नुसतं वकील हुता. आता कायदाच तुमच्या हातात हाय."

मंत्र्यांनी ताटात ओवाळणीची नोट ठेवली. सुटलेल्या माणसावर तोच खटला पुन्हा चालत नाही, हे ताशाच्या गजरात हिला कसं सांगायचं? की एखादी वाट होती, आणि ती आपल्यालाच आठवायची नव्हती?

भैरू पुढे सरकला. "काय म्हणत्यात, सायेब? वळखता काय ह्यास्नी?"

"नाही," ताटाकडे बघत मंत्री म्हणाले.

हे आपण तिला वाचवायला म्हणालो की स्वतःला, त्यांचं त्यांनाच कळेना. कोर्टात हौसाबाईंनीही असंच खाली बघून सांगितलं होतं.