अर्ध्या सेल्फची गाडी

चौथ्यांदा किल्ली फिरली. स्टार्टर घरघरला, इंजिन फिरलं, पण पेटलं काही नाही.

"काका, बॅटरीचा जीव घ्याल!" समोरच्या गॅरेजमधून टवाळ ओरडला. "येऊ का, की अजून चार वेळा गुदगुल्या करताय?"

टवाळ हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण पन्नाशी आली तरी खोड्या सुटेनात, म्हणून सगळी गल्ली त्याला तेच म्हणायची. मेकॅनिक मात्र असा, की नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं सांगायचा. एकदा त्याने काकांच्या या जुन्या डिझेल गाडीच्या मागे गुपचूप पाटी लावली होती, 'विकणे आहे'. काका त्या पाटीसकट दिवसभर गावभर हिंडले. अकरा जणांनी थांबवून चौकशी केली, तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. महिनाभर ते टवाळशी बोलले नव्हते.

त्यांचा जीवच होता त्या गाडीत. चोवीस वर्षं झाली, रोज किल्ली जराशी फिरवली की अर्ध्या सेल्फला स्टार्ट. ना सेन्सर, ना कॉम्प्युटर. "डिझेल दे, हवा दे, ती चालणारच," काका सांगायचे. "माणूस दगा देईल रे, ही नाही द्यायची." त्याच भरवशावर त्यांची मुलगी आपल्या सात वर्षांच्या पोरीला रोज त्यांच्याबरोबर शाळेत पाठवायची.

आत्ताही ती पोर दप्तर मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसली होती. मुलगी दारात उभी, नजर घड्याळावर.

"बाबा, मी सोडते तिला स्कूटरवरून."

"दोन मिनिटं थांब गं. हिने आजवर कधी उशीर केलाय?"

टवाळ कापडाला हात पुसत आला. आधी गाडीच्या मागे गेला, सायलेन्सरच्या तोंडाशी वाकला. धुराचा पत्ता नाही. डिझेलचा वाससुद्धा नाही. इंजिन एवढं फिरतंय आणि डिझेल पोचतच नाहीये, हे त्याला तिथेच कळलं. मग तो ड्रायव्हरच्या खिडकीशी आला, आत डोकावला, आणि त्याला हसू फुटलं.

डॅशबोर्डखालची काळी मूठ बाहेर होती.

ही जुनी गाडी किल्लीने बंद होत नसे. बंद करताना मूठ बाहेर ओढायची, की इंजिनाचं डिझेल तुटतं. सुरू करण्याआधी ती आत ढकलायची. काका हे चोवीस वर्षं करत आले होते, दिवसातून चार वेळा, न बघता. आता महिनाभर चिडवायला मसाला मिळाला, म्हणून टवाळने तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात मागून पोर म्हणाली,

"आजोबा, आज पण कुठे वळायचं ते मीच सांगायचं ना?"

"खेळ आहे आमचा," काका घाईने म्हणाले. त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट होते.

टवाळचं तोंड मिटलं. गेल्या आठवड्यात काका तक्रार घेऊन आले होते. हँडब्रेक सैल झालाय, उभी गाडी उतारावरून घसरून भिंतीला टेकली. त्याने तपासला, तर हँडब्रेक कडक. त्याच्याही आधी म्हणे गिअर अडकला आणि गाडी भर चौकात बंद पडली. गिअरमध्येही काही सापडलं नव्हतं. जुनी गाडी, चालायचंच, म्हणून त्याने सोडून दिलं होतं. चोवीस वर्षांत एक तक्रार नाही, आणि या एका महिन्यात तीन.

त्याने बॉनेट उघडलं. आत बघण्यासारखं काहीच नव्हतं. तरी तो बराच वेळ डोकं आत घालून उभा राहिला. मग त्याने बॉनेट हळूच खाली केलं.

"पंप गेला, काका. डिझेल पंप. याचे पार्ट आता कुठे मिळत नाहीत." त्याने वर पाहिलं नाही. "गाडी संपली."

"दादा, तुमची खोडी तर नाही ना ही?" मुलीने विचारलं.

"नाही ताई. पोरीला तुम्हीच सोडा. उद्यापासूनही तुम्हीच."

तो हसत नव्हता, म्हणून तिला पटलं. तिने पोरीला उतरवून स्कूटरवर बसवलं. पोर कोपऱ्यापर्यंत आजोबांना हात हलवत होती.

काका गाडीतच बसून राहिले. टवाळ खिडकीशी उभा होता, पण त्यांच्याकडे बघत नव्हता. त्याची नजर पुन्हा जिथे जाऊन अडकली, तिकडे काकांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हात पुढे करून त्यांनी मूठ आत ढकलली आणि किल्ली फिरवली.

अर्ध्या सेल्फला गाडी सुरू झाली.

तिचा आवाज त्यांनी डोळे मिटून ऐकला. टवाळ जमिनीकडे बघत होता. थोड्या वेळाने काकांनी मूठ ओढून गाडी बंद केली, खाली उतरले आणि किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली.

"ती पाटी आहे का रे अजून?"

"आहे, काका."

"लाव उद्या. पण खाली खरं काय ते लिही. गाडी ठणठणीत आहे, मालक बंद पडलाय."