महालक्ष्म्यांपुढचं गाव

धरणाच्या मोजणीला साहेब आल्यापासून, आता शिवारात पाटाचं पाणी खेळणार म्हणून सारं गाव खुशीत होतं. त्याच हौसेनं चांगुणाबाईंनी यंदा महालक्ष्म्यांपुढं अख्खं गाव मांडलं. काडेपेट्यांची घरं, तुराट्यांचे गोठे, फुटक्या बांगड्यांची विहीर, औषधाच्या बाटलीचं मारुतीचं देऊळ आणि जुन्या निळ्या लुगड्याची पट्टी फाडून केलेली नदी.

हळदीकुंकवाला आलेल्या बायका आपापलं घर हुडकून हरखत होत्या, तरी चांगुणाबाईंचं समाधान होईना. साहेब प्रसादाला आले, तेव्हा त्यांनी धीर करून विचारलंच, "साहेब, महिनाभर गाव मोजायलात तुमी. कुठं चुकलं असंल तर सांगा बरं."

साहेब उकिडवे बसले आणि एकेक घर निरखू लागले.

"घरं अगदी जागच्या जागी आहेत, ताई. नदी तेवढी लहान झाली. या लुगड्याचं उरलेलं कापड असेल तर द्या."

चांगुणाबाईंनी ते लगबगीनं आणून दिलं. साहेबांनी ते नदीवरून सारत सारत शेतांवर, गोठ्यांवर आणि मग चांगुणाबाईंच्या घरावरही पांघरलं. देवळाचं वरचं टोक तेवढं उघडं राहिलं.

"अगं बया, साहेब तर गावात पूर आणायलेत की!" शेजारची सरजाबाई म्हणाली, तशा सगळ्याजणी खळखळून हसल्या.

साहेबांनी मान वर केली नाही.



"पूर नाही, ताई. पूर ओसरतो."