फोन उचलण्याआधी

सर्व्हर सांभाळणाऱ्या त्या माणसाला ऑफिसात सगळे पंत म्हणत, इतका तो सावध. सर्व्हरवर चालणाऱ्या कुठल्याही व्हर्च्युअल मशीनला, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या आभासी कॉम्प्युटरला, हात लावण्याआधी तो तिचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीची हुबेहूब प्रत, काढून ठेवायचा, म्हणजे काही बिघडलंच तर मशीन पुन्हा जशीच्या तशी करता यायची. पुढे हे काम त्याने एका स्क्रिप्टवर, आपणच लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमवर, सोपवलं. स्नॅपशॉटना नावंसुद्धा स्क्रिप्टच द्यायची: ‘अपडेटआधी’, ‘डिस्क वाढवण्याआधी’.

त्या दुपारी स्क्रीनवर भलतंच नाव उमटलं. ‘चहा सांडण्याआधी’.

“हा चावटपणा तुझाच ना?” त्याने शेजारच्या टेस्टरला विचारलं.

“कसला?” म्हणत ती वळली, आणि तिच्या कोपराने कप आडवा झाला. चहा टेबलभर पसरला.

तो हसला, पण ते हसू ओठांवरच विरलं. त्याने स्क्रिप्ट बंद केली. बंद झाल्याची खात्रीही केली. तरी खाली नवं नाव आलं: ‘आईचा फोन उचलण्याआधी’.

खिशातला फोन वाजू लागला. आई या वेळी कधीच फोन करत नसे.

“पंत, उचला की! कधीचा वाजतोय,” टेबल पुसता पुसता ती म्हणाली.

त्याचा हात खिशापाशी घुटमळला. काहीतरी बिघडू शकेल, त्याआधी स्नॅपशॉट काढायचा, हा नियम त्याचाच होता. त्याने हात मागे घेतला.

स्क्रीनवर आणखी एक नाव उमटलं. ‘आईचा फोन न उचलण्याआधी’.

त्याने घाईघाईने खिशात हात घातला, आणि फोन वाजायचा थांबला.