नाव पुरं होऊ द्या

हेडफोन लावून इंदुमती बटणावर बोट ठेवून बसली होती. तुरुंगातून कैद्यांचे घरी जाणारे फोन "तुरुंगातून फोन आहे, बोला" म्हणत जोडायचे, ऐकायचे आणि वेळ संपली की तोडायचे, ही तिची नोकरी. बाकीच्यांना ती दोन वाक्यं जास्तीची बोलू देई. सोपानला मात्र नाही.

कारण सोपानची बायको फोन ठेवताना दर खेपेला नवा उखाणा घेई. एरवी ती नवऱ्याचं नाव उच्चारत नसे. ते उखाण्याच्या शेवटी यायचं, आणि इंदुमतीचं बोट नेमकं त्याच्या आधी पडायचं. तिला स्वतःला घरी नवरा "अगं ए" म्हणायचा, तेही आमटीत मीठ कमी पडलं तरच.

आज बायको उखाण्याआधीच थांबली. "फोन ऐकणाऱ्या बाई, नमस्कार! तुम्ही रोज यांच्या जवळपास असता. मला आठवड्यातून एकदा नुसता आवाज मिळतो. लई जळते बघा मी तुमच्यावर. तेवढं नाव पुरं होऊ द्या की!"

इंदुमतीचे कान तापले. आपलाही कुणी हेवा करत असेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

"दोडक्याचा वेल कौलावर चढला, शिडीला लागेना ठाव..."

वेळ संपल्याचा लाल दिवा लागला. इंदुमतीनं बोट उचलून घेतलं.

"...उतरवायला या लवकर, माझे सोपानराव!"

सोपान खळखळून हसला. ते हसू बायकोसाठी होतं. इंदुमतीनं दोन्ही हातांनी हेडफोन कानांशी घट्ट दाबून धरला.